खूण सांगणारा माणूस

पौड, ता. मुळशी
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

चि. मल्हार यास,

आशीर्वाद. उद्या संक्रांत. उद्या सगळ्यांशी गोड बोलायचं असतं, म्हणून हे पत्र आजच लिहून मोकळी होते.

आपण दोघं एका बापाची लेकरं आणि आपल्या त्या बापाला एका परक्या माणसानं भर दुपारी, पाया पडून, आबा आबा म्हणत लुटलं. त्याला आज चव्वेचाळीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत तू माझ्याशी बोलला नाहीस आणि मी तुझ्याशी. त्या माणसाचं मात्र काही अडलेलं नाही. तो रोज फोनवर आहे, रोज कुणाच्या तरी म्हाताऱ्या बापाला नमस्कार सांगतो आहे. आपण एकमेकांवर दात खात बसलो, तेवढ्यात तो पुढच्या कळपाचा पत्ता काढून बसला. कुणाच्या कळपाचा, ते पुढे लिहिते.

पत्र बिरूतात्यांच्या आरोहीच्या हाती देते आहे. तिचं ऑफिस तुझ्या ऑफिसच्या पलीकडच्या इमारतीत आहे, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ती तुला गाठेल. तू वाचून होईपर्यंत ती समोर बसून राहील. घाई करू नकोस आणि पत्राचा फोटो काढू नकोस. तुला सवय आहे म्हणून सांगते.

घरची खुशाली. आईचा गुडघा थंडीनं धरलाय, पण तोंड नेहमीसारखंच चालू आहे. काबऱ्या आता भुंकत नाही. कुत्र्यालाही लाज वाटते की काय कोण जाणे. आज भोगी. आईनं सकाळीच तीळ लावून भाकऱ्या केल्या आणि मला म्हणाली, मल्हारला डबा धाड. मी नाही म्हटलं. तिनं माझ्या मागून आरोहीला बोलावून डबा दिला. म्हणजे तू हे वाचताना भाकरी तुझ्या शेजारी असेल. खा. ती आईची आहे, माझी नाही.

आबांबद्दल मुद्दाम मागे ठेवलं होतं.

आबा दाराबाहेरच्या दगडावर बसतात. काठी हातात घेत नाहीत. आई भाकरी घेऊन गेली की तिच्याकडे बघतात आणि विचारतात, "तुला कुनी धाडलं?" बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला असं विचारायची वेळ आली. पहिल्या दिवशी आई हसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या आईनं धाडलं हुतं, लगीन लावून." तिसऱ्या दिवसापासून ती भाकरी ठेवते आणि पाठ फिरवून उभी राहते.

तुझ्याबद्दल ती काय म्हणाली, तेही ऐकून घे. तू तो रडायचा व्हिडिओ टाकलास ना, "आमच्या आबांना न्याय द्या" म्हणत, आबांचा चेहरा इतका जवळून की डोळ्यातली चिपडं दिसावीत. नऊ लाख लोकांनी तो बघितला. शेजारच्या सृष्टीनं आईला दाखवला. आई एवढंच म्हणाली, "पोरानं आबाचं त्वांड जगाला दावलं. आबाला सवताचं त्वांड दावाय आला न्हाई." त्याच व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय, म्हातारा ॲक्टिंग भारी करतो. त्यालाही साडेचारशे लोकांनी हसण्याची चित्रं लावली आहेत. ती साडेचारशे माणसं मला भेटायला हवीत असं फार वाटतं. पण ती भेटणार नाहीत. एक माणूस भेटेल. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी काय झालं, ते तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. मी सलग लिहिते, कारण आबांनी ते पूर्ण पहिल्यांदा मला गेल्या गुरुवारी सांगितलं. तोवर ते कुणालाच सांगत नव्हते.

बंडोपंतांचं भात निघालं होतं. खाचरात खत पडावं म्हणून त्यांनी दरवर्षीसारखी आपली मेंढरं बसवायला बोलावली होती. तू शनिवारी रील टाकलीस. उद्या आमच्या आरोहीचा साखरपुडा, सगळं घर निघालंय, आबा मात्र आपल्या लेकरांपाशी, म्हणजे मेंढरांपाशी. मागे बंडोपंतांचं खाचर, त्यामागे लवळ्याच्या कॉलेजांच्या इमारती. पुन्हा तू खाली ठिकाणाचं नावही लिहिलंस. चोराला नकाशा लागतो, तू त्याला वाट दाखवायला माणूसच दिलास.

रविवारी बाराच्या सुमाराला दोन टेम्पो आले. पुढच्यातून एक पस्तिशीचा माणूस उतरला, स्वच्छ शर्ट, आवाज मऊ. आधी आबांच्या पाया पडला. मग काबऱ्याला नावानं हाक मारली. म्हणाला, मी मल्हारदादांचा कंपनीतला मित्र. वरच्या शेतात तणनाशक मारलंय, पलीकडच्या कळपातली चार मेंढरं तडफडून मेली, दादांनी ताबडतोब टेम्पो धाडलेत, बिरूतात्यांच्या जागेवर हलवायचंय. आईच्या गुडघ्याचं कसं आहे, तेही त्यानं विचारलं. गुडघा तुझ्या ऑगस्टमधल्या रीलमध्ये आहे. मी बघितली.

आबा कच्चे नाहीत. त्यांनी तुला फोन लावला. तू तो कापलास. तू त्या वेळी साखरपुड्यातून लाइव्ह होतास. त्या माणसानं आपला फोन आबांच्या पुढे धरला आणि म्हणाला, "दादा कामात हायेत आबा, हे बघा की." फोनमध्ये तू होतास. हसत होतास. सगळ्यांना नमस्कार म्हणत होतास. आबांना वाटलं, पोरगा आपल्यालाच नमस्कार म्हणतोय.

तरी त्यांनी मेंढरं दिली नाहीत. तरी त्यांनी खूण विचारली.

ही गोष्ट नवीन आहे, मल्हार. ही तुला माहीत नव्हती, मला नव्हती, चौकीत लिहून घेतलेल्या तक्रारीत नाही. आपल्यात परका माणूस निरोप घेऊन आला तर खूण सांगितल्याशिवाय निरोप खरा धरत नाहीत. आबा एका डोंगरावर, आई दुसऱ्या गावात, मध्ये कधी एसटीचा कंडक्टर, कधी बाजारकरू. निरोपाबरोबर घराची खूण जायची. लिहिता न येणाऱ्यांची ती सही होती. आबा विचारायचे, घोंगडीचा कोपरा कुणी खाल्ला? आणि आलेल्यानं सांगायचं, बांड्या शेळीनं, नंदाच्या बारशाला. माझ्या बारशाला खरंच शेळीनं आबांची घोंगडी कुरतडली होती, ते पाहणारे चौघंच आणि त्यातले दोघं वर गेले. तू पाच वर्षांचा असताना आबांनी आपल्याला समोर बसवून ती शिकवली होती आणि सांगितलं होतं, ही वाऱ्यालाबी सांगायची न्हाई.

त्या माणसानं ती बरोबर सांगितली.

आबांचे शब्द जसेच्या तसे लिहिते. मला म्हणाले, "खून आली म्हंजी घरचा मानूस आला. मग म्या कोन आडवनार? उलट मलाच लाज वाटली, येवढं इचारलं म्हनून."

त्यानंतर आबांनी मेंढरांभोवतीची जाळी सोडली. सत्तेचाळीस मेंढरं फळीवरून चढवली. नऊ कोकरं एकेक उचलून आपल्या हातानं वर दिली, गर्दीत दबू नयेत म्हणून बाजूला ठेवायला सांगितली. तो म्हणाला, आबा तुम्ही काबऱ्याला घेऊन थांबा, दादा गाडी पाठवतायत. आबा थांबले. तुझ्या गाडीची वाट बघत ते रिकाम्या जाळीपाशी दिवस मावळेपर्यंत उभे होते. आपण परत आलो तेव्हा तू कॅमेरा चालू करूनच उतरला होतास.

चौकीतल्या साहेबांनी तक्रार लिहून घेतली, पण त्यांचा प्रश्न सरळ होता. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही, जाळी तुमच्या वडिलांनी सोडली, मेंढरं तुमच्या वडिलांनी चढवली. टेम्पोचा नंबर नाही, माणसाचं नाव नाही. आता हीच गोष्ट गावात आली की तिला काय पाय फुटतात ते तू इथे नसल्यामुळे ऐकलं नाहीस. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बोललं गेलं, कुशाबानं मेंढरं इकली आन् कांगावा केला. कुणी म्हणालं, पोराला रीलला मसाला हवा होता. आयुष्यात कुणाची चार कणसं न विचारता न तोडलेला माणूस, त्याला लबाड म्हणाले. बोलणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत. आबांना हे सगळं कळतं. ते मला म्हणाले, "इकली आसती तर कोकरं आसं जपून दिली आसती का गं?" आणि माझ्याकडे बघत राहिले, जणू मीही खूण मागणार आहे.

मेंढरं गेली त्याचं मला दुःख आहे. आबांचा शब्द गेला त्याचा मला सूड हवा आहे. क्षमेवर मी आजवर खूप वाचलंय आणि तिच्यावर दोन व्याख्यानंही दिली आहेत. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या. पण क्षमा मागायला आलेल्या माणसाला करतात. हा तर अजून शिकारीला फिरतो आहे. त्याला क्षमा करणं म्हणजे पुढच्या म्हाताऱ्याला त्याच्या ताब्यात देणं.

आता तुझ्या-माझ्यातलं.

डिसेंबरच्या ग्रामसभेत मी तुझ्याबद्दल काय बोलले, ते तुला कळलंच आहे, कुणीतरी चित्रित करून पाठवलं असणार. "घर लुटणाऱ्या चोराआधी घराचं दार उघडं टाकणाऱ्या पोराचं नाव लिहा," असं मी म्हणाले. माणसं उठून टाळ्या वाजवत होती. आई मध्येच उठून गेली. मला वाटलं गुडघा दुखत असेल.

गुरुवारी आबांनी खुणेचं सांगितलं तेव्हा माझ्या अंगाचा भडका उडाला. मला वाटलं, यानं तीही विकली. लाइक मिळतात म्हणून यानं बारशाची शेळीसुद्धा विकली. मी ठरवलं की ती रील शोधून काढायची आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पडद्यावर लावायची. तुला गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही, असा माझा बेत होता. लपवत नाही.

वाचनालयात तीन दिवस बसून मी तुझ्या सगळ्या रील बघितल्या. तीनशे बारा. आईची भाकरी, काबऱ्याचं पिल्लूपण, आबांचं पागोटं बांधणं, मेंढरं कुठल्या महिन्यात कुठल्या शिवारात, घराची किल्ली कुठल्या कोनाड्यात (हेही आहे, मार्चमधलं, किल्ली आजच हलवली). रानात आबा फोन कुणाला लावतात, दुपारी कधी डुलकी काढतात. कुणी मागितलं नव्हतं ते सगळं तू दिलंस. पण खूण नव्हती. तीनशे बारांत एकदाही नव्हती. एका ठिकाणी एकानं विचारलंय, तुमच्यात निरोपाची खूण असते म्हणे, तुमची काय? आणि तू उत्तर दिलंयस, "ते नाही सांगता येणार दादा, आबांना शब्द दिलाय."

ते वाचून मी फोन पालथा ठेवला.

हे विचारणारा जो होता, त्याच्या खात्याचं नाव "मातीशी नाळ". तुझ्या जवळजवळ प्रत्येक रीलखाली तो आहे. आबांना नमस्कार सांगा. आईंच्या पायाला कसं आहे? मेंढरं आता कुठल्या शिवारात, एकदा दर्शनाला यायचंय. तू प्रत्येकाला हात जोडून उत्तर दिलं आहेस. त्याच्या एवढ्या नमस्कारांत एकही उगाच नाही, मल्हार. वकील उलटतपासणी घेतो तशी त्यानं तुझी घेतली आणि तू दर वेळी धन्यवाद म्हणालास.

मग त्यानं खूण कुठून आणली?

हा प्रश्न मी इथं लिहिला आणि उठून स्टँडपर्यंत चालून आले. चहा घेतला. परत येऊन बसले आहे. आता लिहिते.

ऑक्टोबरमध्ये लवळ्याच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान झालं. विषय, निरक्षरांचं शहाणपण. समोर चारशे पोरं, अर्धी मान खाली घालून फोनमध्ये. वक्त्याला तेवढं सहन होत नाही. पोरांच्या माना वर याव्यात म्हणून मी म्हणाले, तुमचा पासवर्ड आत्ता आला, आमच्याकडे तो दोनशे वर्षांपासून आहे. माना वर आल्या. मी खुणेची पद्धत सांगितली. कुणीतरी ओरडलं, तुमची सांगा ना मॅडम. मी सांगितली. घोंगडी, कोपरा, शेळी, बारसं, सगळं, आबांच्या आवाजात, हातवारे करून. एवढा हशा आणि एवढ्या टाळ्या मला वर्षात मिळाल्या नव्हत्या. ते तिथून थेट फेसबुकवर चालू होतं. मला माहीत होतं. मीच त्यांना हो म्हटलं होतं.

एवढ्यावर भागत नाही. चार दिवसांनी त्या व्हिडिओखाली एकानं लिहिलं, "ताई, डोळ्यात पाणी आलं. हशात शब्द नीट ऐकू आले नाहीत. ती खूण लिहून द्याल का? मुलीला शिकवायचीये." मी लिहून दिली. प्रश्न एका ओळीत, उत्तर दुसऱ्या ओळीत, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. खाली लिहिलं, तुमच्यासारखे श्रोते आहेत म्हणून बोलावंसं वाटतं.

त्या खात्याचं नाव मी सांगायला नको.

तू त्याला वाट दाखवलीस. मी त्याला किल्ली दिली. तू शब्द पाळलास, तो मी मोडला आणि ग्रामसभेत उभी राहून तुझ्या नावानं ओरडले. तुला हृदयाची चित्रं लागतात आणि मला टाळ्या लागतात, यात मोठेपणा कुठला? तू निदान शिकलेला आहेस असं मिरवत नाहीस. मी पुस्तकांमध्ये बसते, लोकांना सांगते की शब्द जपून वापरा. आबांना हे मी अजून सांगितलेलं नाही. रोज दगडापर्यंत जाते आणि आईच्या गुडघ्याबद्दल बोलून परत येते.

आणखी एक कबुली, म्हणजे मग काही उरणार नाही. त्या खात्यावर जुलैमधल्या एका वाढदिवसाचा फोटो पुसायचा राहून गेला आहे. सात-आठ वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात, हातात केक. मागे टेम्पोचं तोंड, काचेवर निळी पट्टी. आबांना टेम्पोची तेवढी निळी पट्टीच आठवते. तोही आपल्यासारखाच निघाला, आनंद झाला की दाखवल्याशिवाय राहवत नाही. मुलीच्या गणवेशावर शाळेचं नाव वाचता येतं. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, निळ्या पट्टीचे टेम्पो हिंजवडीच्या रस्त्यावर मोजायला बसाल तर दमाल, मला माणूस जागेवर लागेल.

रविवारी मी लिहायला बसले. त्या मुलीचा फोटो, शाळेचं नाव आणि वर मथळा, "चोराची लेक". सगळं तयार होतं. माझे आठ हजार श्रोते आहेत, संध्याकाळपर्यंत शाळेच्या दारात गर्दी झाली असती. बोट टेकवायचं बाकी होतं. मग मला त्या मुलीच्या वर्गातल्या पोरी दिसल्या, तिच्याकडे बघणाऱ्या. ते पुसून टाकलं. मला दया आली असं समजू नकोस. त्याच्या लेकीचं तोंड जगाला दाखवून मला समाधान मिळालं असतं आणि तो निसटला असता. माझा सूड एवढा स्वस्त नाही. मला तोच हवा, त्याच्या स्वतःच्या तोंडानं, आबांच्या समोर.

आणि तो मिळणार आहे. कसा, ते नीट वाच.

"मातीशी नाळ" आठ दिवसांपासून बिरूतात्यांच्या शंभूच्या रीलखाली आहे. तात्यांना नमस्कार. तात्या एकटेच असतात का दुपारी? काल त्यानं विचारलं, तुमच्या घराण्याची खूण काय? शंभूनं मला विचारून उत्तर थांबवलंय. तात्यांना मी सगळं सांगितलं. खुणेची गोष्ट आता आबा, मी, तात्या, शंभू, आरोही, साहेब आणि तू एवढ्यांनाच माहीत आहे. आबांनी खूण विचारली होती हे बाहेर कुठेच आलेलं नाही, म्हणून आपण सावध झालोय हे त्याला कळायचं कारण नाही.

आपण त्याला एक खोटी खूण देऊ. जगात कुणाचीच नसलेली. जो माणूस ती घेऊन तात्यांसमोर उभा राहील, त्याला ती तुझ्या व्हिडिओशिवाय दुसरीकडून मिळालेली असणार नाही. मी खूण सुचवली: पागोटं कुणी पळवलं? खिंडीतल्या वानरानं. तात्या भडकले. "माजं पागोटं वानर न्हेतंय व्हय? उद्या म्हनशील धोतर न्हेलं." खोटं आहे म्हणूनच हवं आहे, असं अर्धा तास समजावल्यावर कबूल झाले. अट एकच घातली, पकडल्यावर गावाला सांगायचं की पागोटं कधीच गेलेलं नव्हतं.

जागा ओढ्यापलीकडचं पठार. गाडीला यायला-जायला एकच रस्ता, दोन टेम्पो आत आले की मागे बैलगाडी आडवी लावली तरी पुरे. साहेबांचे दोन शिपाई घोंगडी पांघरून तात्यांबरोबर मेंढरांत बसतील, बाकीचे रस्त्याला. आपले बाराजण करवंदीच्या जाळीत. प्रत्येकाकडून मी बिरोबाची आण घेतली आहे की काठी उचलायची नाही. रागानं माझेच हात शिवशिवतात, पण मार खाल्लेला चोर लोकांना बिचारा वाटतो. मला तो बिचारा व्हायला नको आहे. त्याला बोलू द्यायचं. पाया पडू दे, कुत्र्याची विचारपूस करू दे, पागोट्याचं सांगू दे. तात्यांच्या शेजारी, त्याच्याकडे पाठ करून, आबा बसलेले असतील. त्यानं खूण सांगितली की आबा वळतील.

आबांना मी एवढंच सांगितलंय की रविवारी तात्यांकडे मेंढरांपाशी जायचंय. चव्वेचाळीस दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "किती वाजता?"

हे सगळं अडलंय ते तुझ्यापाशी. शंभूची पोहोच लहान आहे आणि त्यानं एकदम खूण सांगितली तर त्या माणसाला वास येईल. तुझ्याकडून आलं तर येणार नाही. तू गेली तीन वर्षं न विचारता सगळं सांगत आलास, मल्हार. तू शहाणा झालास असा संशय जगात कुणालाही येणार नाही. हा टोमणा आहे आणि तुझ्यावर टाकलेला विश्वासही आहे, दोन्ही घे.

व्हिडिओत म्हणायचं ते लिहून देते, आपल्या पदरचं घालू नकोस. "उद्या रविवारी आमच्या आरोहीच्या लग्नाचा बस्ता. दोन्ही घरं पुण्याला निघालोय, संध्याकाळीच परत. बिरूतात्या मात्र एकटेच मेंढरांपाशी, ओढ्यापलीकडच्या पठारावर. आणि हो, तात्यांच्या घरच्या खुणेची एक गंमत सांगतो." मग पागोटं, खिंड, वानर. हसत सांग. तुला कॅमेऱ्यासमोर हसता येतं. त्यानं खाली नमस्कार केला तर नेहमीसारखे हात जोड. दुसरं काही लिहू नकोस.

रविवारी तू स्वतः यायचंस. फोन घरी ठेवून, गाडी पौडात लावून, वरच्या पायवाटेनं, दहाच्या आत. आबांच्या बाजूला बसायचं. एक चित्र काढायचं नाही. त्यांना त्या दिवशी फोनमधला मल्हार दिसला होता. या वेळी शेजारचा दिसला पाहिजे.

सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत मी बोलायला उभी राहणार आहे. तुझं नाव परत घेईन आणि त्या जागी माझं सांगेन, शेळीपासून ऱ्हस्व-दीर्घापर्यंत. आबांना त्याआधी सांगेन, रविवारी संध्याकाळी, आपण दोघं त्यांच्यासमोर असताना. मग टपरीवर बोललेल्या एकेकाला नावानं उठवून आबांची माफी मागायला लावीन. तिथे टाळ्या नकोत असं आधीच सांगणार आहे.

या कागदाचं उत्तर लिहू नकोस. आरोही समोर बसली आहे, तिला हो किंवा नाही एवढं सांग आणि कागद तिच्याकडे परत दे.

तू हो म्हणशील असं धरून चालते. शनिवारी, सतरा तारखेला, सकाळी बरोबर नऊ वाजता हा व्हिडिओ टाक.

तुझ्याइतकीच दोषी आणि तुझ्याहून जास्त पेटलेली,
अक्का